पाऊल चुकले तरी वाट न सुटणारे गणित

एजवेअर, लंडन : संकष्टीच्या दिवशी एजवेअरमधील मराठी घरात चंद्रोदयाची वेळ पाहायची झाली, तर आता भिंतीवरच्या पंचांगापेक्षा हातातल्या फोनकडे नजर आधी वळते. पुण्याची वेळ येथे चालत नाही. लंडनच्या अक्षांश-रेखांशांवरून ती स्वतंत्रपणे काढावी लागते, आणि फोन ती क्षणार्धात मिनिटासह सांगतो. ही वेळ येते कोठून? आजच्या अनेक संगणकीय पंचांगांच्या मुळाशी अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेने सिद्ध केलेली ग्रहस्थिती असते. ती एखाद्या तयार सूत्रात तारीख घालून मिळत नाही. ग्रहांची आजची स्थाने आणि आजचे वेग घ्यायचे, प्रत्येकावर इतर सर्वांचे आकर्षण किती ते मोजायचे, काळाचे एक लहानसे पाऊल पुढे टाकायचे, आणि नव्या ठिकाणी उभे राहून तेच सारे पुन्हा करायचे, अशा असंख्य पावलांनी ती घडवलेली असते.

प्रत्येक पाऊल थोडेसे चुकते. निसर्गात आकर्षण क्षणोक्षणी बदलत असते. गणकाने मात्र ते एका पावलापुरते ठरावीक सूत्राने बांधून टाकलेले असते. पाऊल लहान केले की चूक लहान होते, परंतु मग पावलांची संख्या वाढते. हा प्रश्न केवळ ग्रहांचा नाही. औषधाचा रेणू प्रथिनाला कसा चिकटेल, आकाशगंगा कशी घडली, पाच अब्ज वर्षांनी सूर्यमाला शाबूत असेल का, या सर्वांची उत्तरे आज अशाच पावलांनी शोधली जातात. तेव्हा विचारण्याजोगी गोष्ट ही, की कोट्यवधी चुकलेल्या पावलांनंतर हाती आलेल्या उत्तरावर विश्वास का ठेवावा?

या प्रश्नाचे गेल्या काही दशकांत मिळालेले उत्तर सुंदर आहे आणि अनपेक्षितही. चूक किती लहान आहे यापेक्षा ती कोणत्या जातीची आहे, हे दीर्घकाळाच्या गणितात अधिक महत्त्वाचे ठरते.

साचणारी चूक आणि झोके घेणारी चूक

मराठी वाचकाला हा भेद नवा वाटू नये, कारण आपल्या पंचांगांचा इतिहास त्यानेच भरलेला आहे. सूर्यसिद्धांतातील वर्षमान ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटे ३६ सेकंदांच्या आसपास आहे. आधुनिक वेधांनी मिळणारे नाक्षत्र वर्ष ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटे १० सेकंदांचे. फरक जेमतेम साडेतीन मिनिटांचा. दीड हजार वर्षांपूर्वीच्या साधनांनी इतकी अचूकता साधावी, हे थक्क करणारेच आहे. पण ही चूक दरवर्षी एकाच बाजूला पडते. शंभर वर्षांत ती पावणेसहा तासांची होते आणि हजार वर्षांत दोन दिवसांहून अधिक.

याउलट, चंद्राच्या गतीतील एखादा लहान संस्कार गणितात घेतला नाही, तर चंद्र कधी थोडा पुढे दिसेल, कधी थोडा मागे. हजार वर्षांनंतरही ती चूक तेवढीच राहील. पहिली चूक साचते. दुसरी झोपाळ्यासारखी पुढेमागे होते. एका वर्षाच्या हिशेबात दुसरी कदाचित मोठी दिसेल, पण शतकांच्या हिशेबात पहिलीच घात करते.

आपल्या ज्योतिर्विदांनी यावर जो उपाय योजला त्याचे नाव बीजसंस्कार. आकाशात प्रत्यक्ष वेध घ्यायचा, गणिताने आलेले स्थान आणि दिसलेले स्थान यांतील अंतर पाहायचे, आणि तेवढी दुरुस्ती गणितात घालायची. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० हा आरंभ धरून ‘ग्रहलाघव’ रचला. कोणत्या ग्रहाचे गणित कोणत्या सिद्धांतानुसार आकाशाशी जुळते, हे पाहून त्यांनी एकेक ग्रह निरनिराळ्या सिद्धांतांतून निवडला आणि जरूर तेथे दुरुस्ती केली. आरंभापासूनच्या दिवसांची संख्या अवाढव्य होऊ नये म्हणून त्यांनी अकरा वर्षांची, ४०१६ दिवसांची चक्रे कल्पिली. पुढे १८६० मध्ये केरो लक्ष्मण छत्रे यांनी पाश्चात्त्य गणिताच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली, त्यामागेही गणित आणि आकाश यांची फारकत मिटवण्याचीच तळमळ होती. त्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनी पंचांगशुद्धीचा तोच आग्रह पुढे चालवला.

बीजसंस्काराला एक अट आहे. ज्या काळाचे गणित करायचे त्या काळाचे आकाश पाहता आले पाहिजे. पाच अब्ज वर्षांनंतरच्या बुधाचा वेध कोण घेणार? प्रथिनाच्या आत एका अणूने सेकंदाच्या अब्जाव्या भागात काय केले, हे डोळ्याने कोण पाहणार? जेथे वेध नाही तेथे बीजसंस्कार नाही. तेथे गणिताच्या पद्धतीतच असे काही असावे लागते, की चुका झाल्या तरी त्या साचणार नाहीत.

झोपाळ्याचा हिशेब

असे काही असू शकते का, हे कागद-पेन्सिलीने पाहता येते. झोपाळ्याचा लहान झोका घ्या. योग्य एकके निवडली, तर नियम एवढाच राहतो : मध्यापासून झोपाळा जितका दूर, तितकाच मध्याकडे ओढणारा त्वरण. स्थानाचा वर्ग आणि वेगाचा वर्ग यांची बेरीज हे ऊर्जेचे माप. घर्षण नसेल तर ही बेरीज कधीही बदलू नये.

सुरुवातीला स्थान १, वेग शून्य; म्हणजे ऊर्जा १. काळाचे पाऊल ०.१ धरू. अशी सुमारे ६३ पावले झाली की एक झोका पुरा होतो. स्विस गणिती ऑयलर यांच्या नावाने ओळखली जाणारी सर्वांत साधी रीत अशी : जुन्या वेगावरून नवे स्थान काढा आणि जुन्या स्थानावरून नवा वेग काढा. पहिल्या पावलानंतर स्थान १, वेग उणे ०.१, ऊर्जा १.०१. दुसऱ्या पावलानंतर स्थान ०.९९, वेग उणे ०.२, ऊर्जा १.०२०१. प्रत्येक पावलाला ऊर्जा बरोबर शेकडा एकने वाढते. चक्रवाढ व्याजाचा हा हिशेब मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. एका झोक्यात ऊर्जा १.८७ पट होते, आणि दहा झोक्यांत पाचशे पटींहून अधिक. कोणी ढकलत नसलेला झोपाळा कागदावर छपराला लागतो.

आता एकच बदल करा. आधी जुन्या स्थानावरून नवा वेग काढा, आणि मग त्या नव्या वेगानेच नवे स्थान काढा. कष्ट तेवढेच, पाऊल तेवढेच. पहिल्या पावलानंतर वेग उणे ०.१, स्थान ०.९९, ऊर्जा ०.९९०१. दुसऱ्यानंतर वेग उणे ०.१९९, स्थान ०.९७०१, ऊर्जा ०.९८०७. म्हणजे चूक येथेही आहे, आणि पहिल्या दोन पावलांत ती जवळजवळ तितकीच मोठी आहे. पण पुढे चालत राहा. ऊर्जा थोडी खाली जाते, पुन्हा वर येते, पुन्हा खाली जाते. ती ०.९५ आणि १.०६ यांच्या बाहेर कधीही पडत नाही, दहा झोक्यांनंतर नाही आणि दहा कोटी झोक्यांनंतरही नाही.

असे का होते, याचा पुरावा त्याच आकड्यांत आहे. स्थानाचा वर्ग अधिक वेगाचा वर्ग, त्यातून स्थान आणि वेग यांच्या गुणाकाराचा दहावा भाग वजा करा. आरंभी उत्तर १. पहिल्या पावलानंतर ०.९९०१ अधिक ०.००९९, म्हणजे पुन्हा १. दुसऱ्यानंतर ०.९८०७ अधिक ०.०१९३, म्हणजे पुन्हा १. ही राशी तसूभरही हलत नाही. खऱ्या झोपाळ्याची ऊर्जा आपली रीत जपत नाही. पण खऱ्या ऊर्जेच्या अगदी शेजारची एक राशी ती तंतोतंत जपते. जणू आपण दिलेल्या झोपाळ्याऐवजी किंचित वेगळ्या बांधणीच्या दुसऱ्या झोपाळ्याचे अचूक गणित करीत आहोत. तो झोपाळा आपला नव्हे, तरीही तो झोपाळाच आहे. तो छपराला लागणार नाही आणि आपोआप थांबणारही नाही.

येथे कोणी म्हणेल, की साध्या रीतीपेक्षा चांगल्या रीती असतातच. खरे आहे. रुंगे आणि कुट्टा या जर्मन गणितींची रीत अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने गिरवलेली असते. आपल्या झोपाळ्यावर ती लावली, तर एका झोक्यात ऊर्जा दशलक्षांश भागाहूनही कमी घटते. एका झोक्यापुरती ती नव्या रीतीपेक्षा हजारो पटींनी सरस आहे. पण ती घट नेहमी एकाच बाजूची आहे. सुमारे आठ लाख झोक्यांनंतर ऊर्जा निम्मी झालेली असते. आठ लाख झोके कोण मोजतो, असे वाटेल. पण रेणूतील हायड्रोजन आणि कार्बन यांच्या बंधाचा एक झोका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या सुमारे एक लक्षांश भागात पुरा होतो. तेथे आठ लाख झोके म्हणजे आठ नॅनोसेकंद, आणि प्रथिनांच्या अभ्यासकाला त्याच्या शेकडो पट काळ पाहायचा असतो.

न्यूटनचे त्रिकोण

ही नवी रीत वस्तुतः नवी नाहीच. ती न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात, पहिल्या भागातील पहिल्याच प्रमेयात दडलेली आहे. हा ग्रंथ १६८७ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या छपाईचा खर्च एडमंड हॅले यांनी सोसला. सूर्य आणि ग्रह यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ व्यापते, हा केप्लरचा नियम न्यूटनला सिद्ध करायचा होता. त्यासाठी त्याने सतत ओढणाऱ्या सूर्याऐवजी ठरावीक अंतराने हिसका देणारा सूर्य कल्पिला.

ग्रह एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत सरळ जातो. हिसका बसला नसता, तर पुढच्या तेवढ्याच काळात तो तितकाच सरळ पुढे गेला असता. या दोन वाटचालींवर सूर्याकडे टोक करून दोन त्रिकोण काढले, तर दोघांचे पाये समान आणि उंची एकच; म्हणून क्षेत्रफळे समान. आता दुसऱ्या बिंदूवर सूर्य हिसका देतो. त्यामुळे ग्रह सरळ न जाता वळतो; पण हिसका नेमका सूर्याच्या दिशेने असल्यामुळे ग्रहाचे नवे ठिकाण त्याच दिशेला समांतर असलेल्या रेषेवर सरकते. त्रिकोणाचा एक पाया कायम ठेवून समोरचे टोक पायाला समांतर सरकवले, तर क्षेत्रफळ बदलत नाही, हे आपण शाळेत शिकलो आहोत. म्हणून तिसऱ्या त्रिकोणाचे क्षेत्रफळही तेवढेच.

पुढे न्यूटन पावले अनंत लहान करतो आणि प्रमेय पुरे होते. पण पावले लहान करण्याआधीच समान क्षेत्रफळाचा नियम तंतोतंत खरा आहे. पाऊल कितीही ओबडधोबड असो, ग्रहाचा कोनीय संवेग कणभरही ढळत नाही. आधी हिसका देऊन वेग बदलायचा आणि मग त्या नव्या वेगाने सरळ जायचे, हीच झोपाळ्याची आपली दुसरी रीत. जुनी रीत सूर्यमालेला लावली, तर पृथ्वी हळूहळू सूर्यापासून दूर फेकली जाते. न्यूटनच्या रीतीने ती कक्षेतच राहते.

याच न्यूटनला सूर्यमालेच्या स्थैर्याविषयी शंका होती, हा इतिहासातला एक विलक्षण योग. ग्रहांच्या परस्पर आकर्षणाने कक्षांमध्ये विस्कळितपणा साचत जाईल आणि केव्हातरी ही रचना पुन्हा नीट बसवावी लागेल, असे त्याने ‘ऑप्टिक्स’मध्ये सुचवले. त्यावर लायब्निट्झने १७१५ मध्ये उपहास केला, की मग देवाला आपल्या घड्याळाला अधूनमधून किल्ली द्यावी लागते म्हणायचे! आपल्या परिभाषेत बोलायचे तर न्यूटनने सूर्यमालेसाठी ईश्वरी बीजसंस्काराची तरतूद ठेवली होती. तो लागेल की नाही, हे तपासण्याचे साधन मात्र त्याच्याच पहिल्या प्रमेयात पडून होते.

पोळ्यांची चळत

ही रीत नेमके काय जपते, हे समजण्यासाठी एक चित्र डोळ्यांपुढे आणावे लागेल. कागदावर आडव्या दिशेने स्थान आणि उभ्या दिशेने वेग मांडा. मग झोपाळ्याची कोणत्याही क्षणाची अवस्था म्हणजे या कागदावरील एक बिंदू. झोपाळा हलतो तसा हा बिंदू गोल फिरतो. आता एका बिंदूऐवजी शाईचा एक ठिपका घ्या, म्हणजे जवळजवळच्या अनेक आरंभांचा समूह. काळ पुढे सरकला की ठिपका फिरेल, लांबेल, वाकडा होईल. पण त्याचे क्षेत्रफळ बदलणार नाही. घर्षण नसलेल्या प्रत्येक यांत्रिक व्यवस्थेचा हा पाया आहे. डब्लिनजवळच्या वेधशाळेत काम करणाऱ्या विल्यम रोवन हॅमिल्टनने १८३४-३५ च्या सुमारास यंत्रशास्त्राची जी मांडणी केली, तिच्यातून हा गुण स्पष्ट होतो. अनेक ग्रह किंवा अणू असतील, तर प्रत्येक स्थान-वेगाच्या जोडीसाठी असे क्षेत्रफळ घ्यायचे आणि त्यांची बेरीज अबाधित राहते असे म्हणायचे. या रचनेला गणितात सिम्प्लेक्टिक असे नाव आहे.

ऑयलरची साधी रीत प्रत्येक पावलाला ठिपका थोडा फुगवते. दुसरी रीत तसे करू शकत नाही. तिचा पहिला अर्धा भाग स्थानाला हात न लावता केवळ वेग बदलतो, आणि दुसरा अर्धा भाग वेगाला हात न लावता केवळ स्थान बदलतो. पोळ्यांची चळत बाजूने ढकलली तर ती तिरकी होते. वरची पोळी अधिक सरकते, खालची कमी. पण एकही पोळी लहान किंवा मोठी होत नाही. दोन्ही अर्धे भाग म्हणजे चळत ढकलण्याच्याच क्रिया, एकदा आडवी आणि एकदा उभी. त्या कितीही वेळा केल्या तरी क्षेत्रफळ तेवढेच.

क्षेत्रफळ जपले की पुष्कळच जपले जाते. झोपाळ्याच्या उदाहरणात जी शेजारची राशी सापडली, तिच्यासारखी राशी अशा पद्धतींना सर्वसाधारणपणे असते. अवघड व्यवस्थांमध्ये ती पूर्णतः तंतोतंत राहत नसली, तरी पाऊल पुरेसे लहान असल्यास अतिदीर्घ काळ जवळजवळ अचल राहते, हे गणितींनी सिद्ध केले आहे. म्हणून ऊर्जेची चूक साचत नाही, ती झोके घेते.

पुन्हा पुन्हा लागलेला शोध

ही पद्धत निरनिराळ्या विद्याशाखांत स्वतंत्रपणे सापडत राहिली. नॉर्वेच्या कार्ल स्टॉर्मरने १९०७ मध्ये ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात विद्युत्भारित कणांचे मार्ग काढण्यासाठी तिची जवळची रीत वापरली. लू व्हर्ले या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये द्रवरूप आर्गॉनच्या ८६४ अणूंचे गणित संगणकावर केले तेव्हा तीच वापरली, आणि रेणूंच्या जगात ती त्याच्या नावाने रूढ झाली. खगोलशास्त्रज्ञ तिला बेडूकउडी म्हणतात, कारण तिच्या एका रूपात स्थान आणि वेग अर्ध्या अर्ध्या पावलाच्या अंतराने एकमेकांना ओलांडत पुढे जातात. पुण्याच्या आयुकामध्ये १९९० च्या दशकात थानू पद्मनाभन आणि जसजीत बागला यांनी विश्वातील द्रव्य कसे गोळा होत गेले याचे संगणकीय गणित केले. अशा कामात बेडूकउडी हेच रोजचे साधन असते. ती इतकी टिकाऊ का, याचे कारण मात्र उशिरा उमगले. १९८० च्या दशकात अमेरिकेत रोनाल्ड रूथ आणि चीनमध्ये फेंग कांग यांनी क्षेत्रफळ जपणे हेच ध्येय ठेवून पद्धती रचायला सुरुवात केली.

१९९१ मध्ये जॅक विझ्डम आणि मॅथ्यू होलमन यांनी सूर्यमालेसाठी तिचे खास रूप घडवले. न्यूटनने हिसक्यांच्या मध्ये ग्रहाला सरळ नेले होते. यांनी त्याला सूर्याभोवतीच्या लंबवर्तुळावर नेले आणि केवळ इतर ग्रहांच्या आकर्षणाचे हिसके दिले. सूर्याचे आकर्षण सर्वांत मोठे असल्याने पावले पुष्कळ लांब टाकता आली. याच घराण्यातील पद्धतीने जाक लास्कर आणि मिकाएल गास्तिनो यांनी २००९ मध्ये सूर्यमालेची २५०१ भविष्ये पाच अब्ज वर्षांपर्यंत काढली. प्रत्येकात बुधाच्या कक्षेचा आरंभ एका मिलिमीटरपेक्षाही कमी अंतराने बदललेला होता. शेकडा सुमारे एक भविष्यात बुधाची कक्षा इतकी लांबट झाली, की त्याची शुक्राशी किंवा सूर्याशी टक्कर संभवते.

या निष्कर्षाचे वजन पद्धतीवर अवलंबून आहे. ऊर्जा साचत किंवा गळत जाणाऱ्या रीतीने हेच गणित केले असते, तर बुधाचे भरकटणे निसर्गाचे की गणिताचे, हे कोणालाही सांगता आले नसते. तपासायला आकाश नाही, आणि चुकलेले उत्तरही बरोबर उत्तरासारखेच आकड्यांच्या रकान्यांतून येते. रेणूंच्या गणितात हीच गोष्ट अधिक जवळची होते. आकडे खोटी उष्णता निर्माण करीत असतील, तर संगणकात प्रथिन उलगडले म्हणून ते शरीरातही उलगडेल असे म्हणता येत नाही, आणि त्यावर पुढच्या औषधाची दिशा ठरवणे धोक्याचे.

जेथे वेध घेता येतो तेथे

मग ही पद्धत सर्वत्र वापरावी का? नाही, आणि याचे उदाहरण एजवेअरच्या शेजारीच आहे. येथून दोनेक मैलांवर मिल हिलमध्ये वॉटफर्ड वे या हमरस्त्याला लागून युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनची वेधशाळा १९२९ पासून उभी आहे. लंडनच्या उजेडाने उजळलेल्या आकाशातूनही तेथे लघुग्रहांची स्थाने मोजली गेली आहेत, आणि अशी मोजमापे जगभरातून एका केंद्राकडे जमा होतात. अपोफिस नावाचा लघुग्रह २००४ मध्ये सापडला, तेव्हा तो १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता काही काळ शेकडा पावणेतीनपर्यंत वर गेली होती. पुढच्या वेधांनी ती निकालात निघाली. तो त्या दिवशी पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटर अंतरावरून जाईल.

अशा प्रश्नात काळ दशकांचा असतो आणि हवे असते ते नेमके ठिकाण. येथे झोके घेणारी चूकही परवडत नाही. म्हणून जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेची ग्रहस्थिती क्षेत्रफळ जपणाऱ्या पद्धतींनी काढलेली नसते. प्रत्येक पावलाला कमालीची अचूकता साधणाऱ्या, गरजेप्रमाणे पाऊल लहान-मोठे करणाऱ्या रीती तेथे वापरतात. त्यांची चूक साचते, पण नवनवे वेध येत राहतात आणि आरंभच सुधारून घेतला जातो. मिल हिलची दुर्बीण जे करते ते गणेश दैवज्ञांच्या बीजसंस्काराचेच आजचे रूप आहे.

रचना जपणाऱ्या पद्धतींना आणखीही मर्यादा आहेत. पाऊल परिस्थितीनुसार सरसकट लहान-मोठे करीत गेले, तर त्यांचा गुण बहुधा नाहीसा होतो. दोन ग्रह फार जवळ आले की अडचण येते ती याचमुळे. घर्षण असलेल्या यंत्रात क्षेत्रफळ मुळातच आकसते, तेथे ते जपणे ही चूक ठरेल. शिवाय सर्व काही एकाच वेळी जपता येत नाही. १९८८ मध्ये गे आणि मार्सडेन यांनी दाखवले, की ज्या व्यवस्थेत ऊर्जेखेरीज दुसरी अक्षय राशी नाही, तेथे ठरावीक पावलाची पद्धत ऊर्जा आणि सिम्प्लेक्टिक रचना दोन्ही तंतोतंत जपू लागली, तर ती खरे उत्तरच देत असली पाहिजे. अर्थात व्यवहारात काय जपायचे आणि काय सोडायचे, हे निवडावेच लागते. आणि गोंधळी गतीच्या व्यवस्थेत कोणतीही पद्धत ‘बुध अमुक दिवशी अमुक ठिकाणी असेल’ असे अब्जावधी वर्षांपुढचे सांगू शकत नाही. शक्यतांचे प्रमाण ती विश्वासाने सांगू शकते. नेमके ठिकाण नाही.

तेव्हा ‘संगणकाने सांगितले’ असे कोणी म्हणाले, की दोन प्रश्न विचारावेत. या उत्तराची तपासणी पुढे कधी प्रत्यक्ष होणार आहे का? आणि होणार नसेल, तर ज्या पद्धतीने ते काढले ती कोणती गोष्ट अबाधित राखते? हे प्रश्न विचारण्यासाठी मोठे गणित येण्याची गरज नाही.

ज्यांच्या घरी वरच्या वर्गात गणित शिकणारी मुले आहेत, त्यांना याची प्रचिती एका संध्याकाळी घेता येईल. इंग्लंडमधील ए लेव्हलच्या काही अभ्यासक्रमांत ऑयलरची रीत असतेच. संगणकावरील हिशेबाच्या तक्त्यात एक रकाना स्थानाचा, एक वेगाचा आणि एक दोघांच्या वर्गांच्या बेरजेचा करावा, पाऊल ०.१ धरावे आणि सूत्रे हजार ओळी खाली ओढावीत. बेरजेचा रकाना हजारांचे आकडे दाखवू लागेल. मग स्थानाच्या सूत्रात वरच्या ओळीतील वेगाऐवजी त्याच ओळीतील वेग घालावा. बदल एका चौकटीचा आहे. तेवढ्याने तो रकाना एकच्या आसपास झोके घेऊ लागतो. आलेख काढला तर पहिल्या खेपेस बाहेर बाहेर जाणारी गुंडाळी दिसते, आणि दुसऱ्या खेपेस किंचित तिरके पण स्वतःवर मिटणारे लंबवर्तुळ.